उत्तराचं मत

खोली क्रमांक एकशे बारामध्ये गॅसच्या तोट्या चोवीस होत्या. त्यांपैकी अकरा चालत होत्या, नऊंवर लाल चिकटपट्टी होती आणि उरलेल्या चारांना फिरवायची मूठच नव्हती. सिंक सहा, पाणी नीट वाहून जाणारी चार. डोळे धुवायचा फवारा एक. तो सुरू केला की आधी तांबूस पाणी येई आणि बऱ्याच वेळाने नितळ. फ्यूम हूड एक, म्हणजे विषारी वाफा ओढून छपरावर सोडणारं काचेचं कपाट.

"एवढंच लिहू?" डोनाने विचारलं. डोना शाळेची उपमुख्याध्यापिका. उत्तराने मोजलेलं सगळं ती उभ्या उभ्या उतरवून घेत होती.

"हूडचा वेगही लिही. हवा आत ओढायचा वेग. मिनिटाला एकशे तीन फूट."

"लोकांना काय कळणार त्यातलं?"

"मग असं लिही, की शंभराच्या खाली गेला की हूड सील करतात. हूड सील झालं की प्रॅक्टिकल्स बंद. म्हणून..."

डोनाने पेन उचलून धरलं. "'म्हणून' नको. 'म्हणून' आलं की ओपिनियन सुरू होतं. आपल्याला फक्त फॅक्ट्स द्यायच्यात."

दोन हजार सहा सालचा सप्टेंबर होता. सांता क्लाराच्या बाजूच्या त्या शाळा-जिल्ह्याने, म्हणजे तिथल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, नोव्हेंबरच्या निवडणुकीत बाँडचा प्रस्ताव ठेवला होता. जिल्हा कर्ज काढणार, त्यातून शाळांच्या जुन्या इमारती नीट करणार आणि ते कर्ज गावातल्या घरमालकांच्या करातून फिटत राहणार. त्यासाठी शंभरातल्या पंचावन्न मतदारांनी 'हो' म्हणायला हवं होतं. प्रस्तावाचं नाव मेझर एन. त्याच्या माहितीपत्रकात उत्तराच्या चोवीस तोट्या जाणार होत्या, 'म्हणून' मात्र जाणार नव्हतं.

उत्तरा त्या शाळेत लॅब टेक्निशियन होती. नागपूरला एम.एस्सी. केलं, लग्न झालं आणि नरेंद्रच्या मागोमाग ती इकडे आली, ती अशा व्हिसावर की नवऱ्याने काम करायचं आणि बायकोने घर सांभाळायचं. त्या सगळ्या वर्षांत तिने हाताळलेलं सगळ्यात कडक अ‍ॅसिड म्हणजे सिंक घासायचं व्हिनेगर. ग्रीन कार्ड आलं त्याच महिन्यात तिने या नोकरीला अर्ज केला. द्रावणं बनवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, मुलांनी फोडलेल्या नळ्या झाडून काढायच्या, असं काम. सकाळी कुलूप उघडून आत गेलं की रबर, गंधक आणि जुन्या लाकडाचा मिळून जो वास येई, तो थेट नागपूरचा होता. दार उघडल्यावर ती क्षणभर तशीच उभी राही.

प्रॅक्टिकल्स बंद झाली की टेक्निशियनची गरज संपते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती.

हूडची मोटर छपरावर होती आणि तिचे सुटे भाग बनवणारी कंपनीच बंद पडली होती. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी उत्तरा वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र घेऊन हूडसमोर उभी राही आणि नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढी. काच अठरा इंच उघडी ठेवून मोजायचं असा नियम होता, आणि अठरा इंचांवर तिने स्वतः निळी रेघ मारली होती. काच रेघेच्या खाली ओढली की फट कमी होते आणि वेग आपोआप वाढतो. म्हणून तर ती रेघ.

त्याच आठवड्यात जिल्ह्याचा वकील शाळेत आला. शाळा सुटल्यावर सगळ्यांना लायब्ररीत बसवून त्याने निवडणुकीच्या काळात काय बोलायचं आणि काय नाही ते समजावलं. कामाच्या वेळेत, शाळेच्या पैशाने, शाळेच्या कागदावर, शाळेच्या ईमेलवर 'हो म्हणा' असं सांगायचं नाही. 'नाही म्हणा' असंही नाही. तोट्या किती ते सांगा. गळतात ते सांगा. कामाची वेळ संपली की तुम्ही स्वतंत्र नागरिक, वाटेल ते बोला. व्यायामाच्या शिक्षकाने विचारलं की उसासा टाकलेला चालेल का. वकील म्हणाला, चालेल, पण कुठल्या एका बाजूला तोंड करून टाकू नका. लोक हसले. वकील हसला नाही.

उत्तराला नियम पटला. लोकांच्या पैशाने लोकांनाच वळवायचं नाही, यात चूक काय आहे? खरी पंचाईत तिथेच होती. न पटलेला नियम माणूस निदान मनातल्या मनात तरी मोडतो.

शाळेने पालकांसाठी ठेवलेल्या संध्याकाळी ते वर्गावर्गांतून फिरत होते. एकशे बारामध्ये लता आली. ती मराठी मंडळातल्या ओळखीची, नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत, मुलगी सई दहावीला. लताने लाल चिकटपट्ट्या पाहिल्या आणि अहो हे काय, असं विचारलं. उत्तराने सांगितलं, तोट्या गळतात. मग बदलत का नाहीत? जिल्ह्याकडे पैसे नाहीत, त्यासाठीच नोव्हेंबरचं ते मेझर आहे.

"मग आम्ही काय करायचं?" लता म्हणाली. तिला गेल्याच वर्षी नागरिकत्व मिळालं होतं.

"मत द्या," उत्तरा म्हणाली.

एवढंच. निवडणूक आहे, मत द्या. भारतात भिंतीभिंतीवर सरकारच लिहून ठेवतं तसं. शेजारी मिसेस हॉलिंगर उभ्या होत्या. त्यांचा नातू नववीत होता आणि त्यांच्या अंगणात मेझर एनच्या विरोधातली पाटी रोवलेली होती. या बाई काय म्हणाल्या, असं त्यांनी सईला हसून विचारलं. सईचं मराठी घरापुरतं, पण शब्दाला शब्द लावण्यात हुशार. "शी टोल्ड माय मॉम टु गिव्ह इट हर व्होट," सई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तक्रार आली.

जिल्ह्याच्या कचेरीत टेबलाच्या पलीकडे तोच वकील होता आणि डोना एका कडेला बसली होती. आपण नक्की काय बोललात, तेच शब्द सांगा, असं वकील म्हणाला. उत्तराने सांगितले. त्याने ते स्वतःच्या लिपीत लिहून घेतले आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारला.

"द्या म्हणजे गिव्ह."

"कुणाला?"

"कुणाला नाही. नुसतं द्या. आमच्यात मत देतात."

"गिव्ह म्हटलं की कुणाला तरी देणं आलं."

"तुमच्यात व्होट कास्ट करतात. कास्ट म्हणजे फेकणं. कुणावर फेकता?"

डोनाने खोकल्यासारखं केलं. वकील खालमानेने म्हणाला, "आणि मत म्हणजे व्होट. फक्त व्होट?"

इथे उत्तराने खोटं बोलायला हवं होतं. पण समोरच्याने नेमका प्रश्न विचारला की तिच्याकडून नेमकंच उत्तर जाई. "व्होट. आणि ओपिनियनसुद्धा."

"एकच शब्द?"

"एकच."

"मग कशाबद्दल बोलणं चाललंय हे तुम्हाला कळतं कसं?"

कळतं, असं ती म्हणाली. तिने आयुष्यात कधी या गोष्टीचा विचारच केला नव्हता.

शिक्षा काही झाली नाही. फाइलीत एक कागद गेला, आणि निवडणूक होईपर्यंत कामावर असताना मेझर एनबद्दल कुठल्याही भाषेत बोलायचं नाही, अशी समज मिळाली. फॅक्ट्ससुद्धा नाहीत. त्या छापील पत्रकात आहेत, पत्रक द्यावं.

नरेंद्रने घरी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "यार, तू गप्प का नाही बसलीस?"

"गप्पच होते. दोन शब्द बोलले."

"दोन जास्त झाले. आणि तुला व्होट तरी आहे का? सिटिझनशिपला अजून दोन वर्षं आहेत. कशाला टेन्शन घेतेस?"

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता, आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला. ऑक्टोबरच्या सोमवारी हूडचा वेग एकशे एक भरला. ही बातमी सांगावी असं घरात कुणी नव्हतं.

मंडळाची दिवाळी त्या वर्षी शाळेच्याच कॅफेटेरियात ठरली. मंदिराचा हॉल गुजराती मंडळींनी आधीच धरून ठेवला होता. शाळेची जागा भाड्याने मिळे, पण अट अशी की शाळेचा एक कर्मचारी पूर्ण वेळ हजर हवा, किल्ल्या त्याच्याकडे हव्यात आणि त्याचा तासांचा पगार भाड्यात धरला जाई. मंडळाचा सेक्रेटरी श्रीरंग याने फोन करून गळ घातली की परका माणूस कशाला, आपलीच कुणी असली तर बरं, चिवडा सांडला तर ओरडणार तरी नाही. उत्तरा हो म्हणाली. अर्जावर सही करताना तिच्या लक्षात आलं की या शनिवारी दुपारी बारापासून सहापर्यंत ती मोतिया रंगाची पैठणी नेसून, गळ्यात शाळेच्या किल्ल्यांची निळी पट्टी घालून, स्वतःच्याच माणसांत ड्यूटीवर असणार आहे.

तिने वकिलाला फोन करून विचारलंसुद्धा. ड्यूटी ती ड्यूटी, असं तो म्हणाला. साडीचं तिने विचारलं नाही.

कार्यक्रम रंगला. दोनशेच्या वर माणसं, कागदी आकाशकंदील, आणि पेटीवाल्याला माइक सापडेना. जेवणाच्या टेबलांपैकी खिडकीजवळच्या एकाला तरुण पोरं 'सिनेट' म्हणत, कारण तिथे काका-काकूंची पहिली पिढी बसे. चाळीस चाळीस वर्षं इथे काढलेली, घरं केव्हाच फिटलेली आणि सगळीच्या सगळी नागरिक. सिनेटचे अध्यक्ष त्र्यंबककाका. आयुष्यभर काउंटीचे पूल बांधून निवृत्त झालेले, बोलणं खणखणीत, कोपऱ्यात बोलले तरी स्टेजवर ऐकू जाणारं. दुसऱ्या दिवशी ते दोन महिन्यांसाठी मिशिगनला, ट्रॉयला मुलीकडे निघाले होते, त्यामुळे पोस्टाने पाठवायची मतपत्रिका भरून टाकायची म्हणून बरोबरच घेऊन आले होते. टेबलावर चकलीच्या ताटलीशेजारी ती पसरलेली होती.

उत्तरा चहा घेऊन गेली तेव्हा काकांनी चष्मा वर केला. "ये गं. तू शाळेतली ना? हे एन काय प्रकरण आहे? कर वाढतो एवढं मला कळलं. खरंच गरज आहे का?"

"पत्रक आहे काका, दाराशी ठेवलंय. देऊ?"

"वाचलं. चोवीस तोट्या. अरे, पुलाचे बोल्ट मोजतात तसं मोजलंय कुणीतरी." टेबल हसलं. "ते राहू दे. तू आत काम करतेस. तुझं मत काय?"

किल्ल्या तिच्या छातीवर लोंबत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. आजूबाजूला वीसेक माणसं होती आणि त्यातली बहुतेक मतदार.

"मला मत नाही, काका," ती म्हणाली.

ही फॅक्ट होती. नागरिक नव्हती, मत नव्हतं. बोलायला परवानगी असलेली ही एकच गोष्ट तिला त्या क्षणी सापडली आणि ती बोलून ती सुटल्यासारखी वळली.

"नाव उत्तरा आणि उत्तर देत नाही बघा," काका मागून म्हणाले. पुन्हा हसणं झालं. मग चहाच्या दुसऱ्या फेरीला ती शेजारच्या टेबलाशी होती, तेव्हा काकांचा आवाज कानावर आला. ते नव्याने येऊन बसलेल्या प्रतिमाकाकूंना समजावत होते. "अहो, शाळेतलीच बाई सांगते, मला मत नाही. जिचं रोजचं काम त्यात, तिलाच जर काही वाटत नसेल, तर एवढं काही अडलेलं नाही. उगाच कर कशाला वाढवून घ्या?"

प्रतिमाकाकू म्हणाल्या, खरंच की. पलीकडच्या काकांनीही मान हलवली.

उत्तरा ट्रे घेऊन तिथेच उभी राहिली. परत जाऊन सांगावं, की काका, मत म्हणजे व्होट म्हणाले मी. हे सांगायला हरकत नव्हती, हीसुद्धा फॅक्टच. पण मग काका विचारणार, बरं, मग ओपिनियन काय? आणि तिथे तिला पुन्हा गप्प बसावं लागणार. आधी 'तसं नाही' म्हणायचं आणि मग गप्प बसायचं, हे म्हणजे वकिलाच्या भाषेत कुठल्या बाजूला तोंड करून उसासा टाकणं? तिने कधी नव्हे ती मनात शिवी दिली. कुणाला, ते तिलाही ठरवता आलं नसतं. वकिलाने नियम सांगितला होता, तो बरोबर होता. सईने शब्द लावले, तेही बरोबर होते. काकांनी ऐकलं ते तिने उच्चारलं होतं. कुणीच चुकलं नव्हतं आणि ट्रेमधला चहा गार होत चालला होता.

"काय झालं?" नरेंद्रने येऊन विचारलं.

"सहा कधी वाजतात बघ."

सहा वाजता तिने स्वयंपाकघराला कुलूप घातलं, किल्ल्या शाळेच्या पेटीत टाकल्या आणि पैठणीच्या निऱ्या हातात धरून ती पार्किंगकडे जवळजवळ पळत सुटली. काकांची टोयोटा फाटकाशी पोस्टाच्या निळ्या पेटीजवळ थांबली होती. खिडकीतून काकांचा हात बाहेर आला, पेटीचं झाकण उघडलं आणि खणकन बंद झालं.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "मगाशी मी म्हणाले ना, मत नाही. व्होट नाही असं म्हणत होते मी. ग्रीन कार्ड आहे नुसतं."

काकांना उलगडा झाला आणि ते पेटीकडे पाहायला लागले.

"अगं, मग तेव्हाच बोलायचंस की."

"तेव्हा ड्यूटीवर होते."

"पैठणी नेसून?"

"हो."

काका हसले नाहीत. गाडीचं इंजिन त्यांनी बंद केलं. "टाकलं गं मी पाकीट. आता ते काही निघत नाही. बाकीच्यांना फोन करतो, विमानात बसायच्या आधी करतो." मग ते म्हणाले, "पण आता तर ड्यूटी संपली ना? मग सांग."

"आता सांगून काय होणार?"

"काही नाही होणार. तरी सांग. विचारलं होतं मी तुला."

दोन महिने तोंडाशी आलेलं सगळं तिला आठवलं. तोट्या, तांबूस पाणी, मोटर, एकशे एक. एवढं सगळं कुणाला सांगायचं तर कुठून सुरुवात करायची, तेच तिला कळेना.

"व्हायला हवं, काका," ती म्हणाली. "फार गरज आहे हो."

काकांनी मान हलवली आणि ऐकलं मी, असं म्हणाले.

ट्रॉयहून त्यांचा फोन आला तो पुढच्या आठवड्यात. तिकडे थंडी सुरू झाली होती, नात व्हायोलिन शिकत होती, विमानात गुडघा फार दुखला. बाकीच्यांना फोन केले का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

मतदानाच्या मंगळवारी शाळेच्या लायब्ररीतच मतपेट्या होत्या. मतदारांची रांग एकशे बाराच्या खिडकीवरून पुढे सरकत होती. लता रांगेत दिसली. तिने हात केला, उत्तरानेही केला, आणि मग हात करणंसुद्धा कशात मोडतं का, असं मनात येऊन तिने तो खाली घेतला. दिवसभर ती बाटल्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या बदलत राहिली.

पुढच्या सोमवारपर्यंत पोस्टाची मतं धरून जवळपास सगळी मोजून झाली. मेझर एनला 'हो' म्हणणारे शंभरात चौपन्न पूर्णांक सहा दशांश, हवे होते पंचावन्न. शिक्षकांच्या खोलीत डोनट आणून ठेवले होते, ते दुपारपर्यंत तसेच होते. आता ड्यूटीवर काय वाटेल ते बोला, असा व्यायामाच्या शिक्षकाने विनोद केला.

शेवटचा तास संपल्यावर उत्तरा यंत्र घेऊन हूडसमोर उभी राहिली. डोना दारात आली. आत येऊन तिने खोलीचं दार लोटून घेतलं.

"उत्तरा. काच थोडी खाली घेऊन मोजलंस तर?" ती हळूच म्हणाली. "दोन इंच. जूनपर्यंत, वर्ष संपेपर्यंत तरी ढकलता येईल. मुलांसाठी म्हणते मी. तुझ्यासाठीही."

"मग ते ओपिनियन होईल," उत्तरा म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. डोना दार उघडून निघून गेली. उत्तराने काच वर सरकवली, निळ्या रेघेशी आणून थांबवली, वाकून रेघ आणि काचेची कड एका पातळीत आहे ना ते पाहिलं. मग नऊ ठिकाणी यंत्र धरलं. डाव्या कोपऱ्यात काटा थरथरला म्हणून तिथलं पुन्हा मोजलं. नऊ आकड्यांची बेरीज केली, नवाने भागलं आणि हूडवरच्या चिठ्ठीत ऑक्टोबरच्या खालच्या ओळीत लिहिलं: काच अठरा इंच, सरासरी सत्त्याण्णव.